होजिअरीचे रोजचे कपडे घरच्या मशीनवर शिवताना

शिवणक्लासमध्ये आपण परकर शिकतो, ब्लाऊज शिकतो, पंजाबी ड्रेस शिकतो. कटोरी, प्रिन्सेस कट, अस्तराचा ब्लाऊज, सगळं हाताखालून जातं. पण रोज अंगात असतात ते टी-शर्ट, लेगिंग, नाईट पँट, मुलांची झबली आणि बनियन, आणि यातलं काहीच आपण शिवत नाही. होजिअरीचं, म्हणजे ताणणारं कापड घरच्या मशीनवर शिवता येत नाही, त्याला कडा गुंफून शिवणारं इंटरलॉकचं मशीनच लागतं, असं एकीनं दुसरीला सांगितलेलं असतं आणि मग कुणी करूनच पाहत नाही. पण येतं. झिगझॅग असलेल्या मशीनवर तर नीट येतंच, आणि काही कपडे नुसता सरळ टाका घालणाऱ्या काळ्या पायमशीनवरही होतात. माझ्या मते अस्तराच्या ब्लाऊजपेक्षा होजिअरीचा टॉप पुष्कळ सोपा आहे. टक्स नाहीत, हुक नाहीत, काजं नाहीत, कडेचे दोरे सुटत नाहीत. मात्र निम्म्याहून अधिक काम मशीनवर बसण्याच्या आधीचं आहे: कापड ओळखणं, धुणं आणि त्याचा ताण मोजणं. हे तीन नीट केले की मशीनची भीती आपोआप कमी होते.

इथे मुख्य नमुना म्हणून गोल गळ्याचा, अर्ध्या बाहीचा टॉप घेतला आहे. तो जमला की नाईट पँट आणि लेगिंगकडे वळता येईल.

कापड ओळखणं

इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या मागांवर निघणाऱ्या कापडात उभा आणि आडवा असे दोन वेगळे धागे एकमेकांत अडकलेले असतात. धागा सरळ असतो, त्यामुळे त्या कापडाला ताण फक्त तिरप्या दिशेनं, म्हणजे उरेबात मिळतो. होजिअरीच्या कापडात फासे असतात, एका फाशातून दुसरा ओढलेला. ओढलं की फास लांबतो, सोडलं की पुन्हा गोल होतो. इंग्लंडमध्ये विल्यम लीनं १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं तेव्हापासून तत्त्व हेच आहे. आपल्याकडे टी-शर्टचं सुती होजिअरी कापड मुख्यतः तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येतं, तर लुधियाना लोकरी आणि थंडीच्या होजिअरीसाठी नावाजलेलं आहे.

दुकानात चार प्रकार ओळखता आले तरी घरच्या शिवणाला पुरतात. पहिलं सिंगल जर्सी. व्यापारी त्याला सिंकरही म्हणतात. नेहमीच्या टी-शर्टचं कापड हेच. सुलट बाजूला बारीक उभ्या रेघा दिसतात, उलट बाजूला आडव्या चंद्रकोरी. दुसरं इंटरलॉक. दोन्ही बाजू सारख्या, हाताला जाडसर, कापल्यावर कडा गुंडाळत नाही. लहान मुलांच्या कपड्यांना फार छान, आणि शिकणाऱ्यांनी सुरुवात खरं तर यावरच करावी. (याच नावाची कडेची शिलाईही आपल्याकडे बोलली जाते. दुकानदाराला "इंटरलॉक कापड" असं स्पष्ट सांगा.) तिसरी रिब, उभ्या खाचांची. ही सर्वांत जास्त ताणते, म्हणून गळपट्टीला आणि मनगटाला वापरतात. चौथं लूपनिट. आतून फासे दिसणारं, स्वेटशर्टचं आणि जाड ट्रॅक पँटचं कापड.

जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम ते. १४० च्या खालचं कापड उन्हाळ्यात सुखाचं वाटतं, पण सुईखाली सरकतं आणि कडा सुरळीसारखी वळते. पहिल्या कपड्याला १८० ते २२० च्या दरम्यानचं घ्या. घाऊक दुकानात कापड किलोवर मिळतं, तेव्हा हिशेब करायचा तो असा: जीएसएम गुणिले मीटरमधला पन्हा म्हणजे एका मीटर लांबीचं वजन. १८० जीएसएम आणि ७२ इंची, म्हणजे सुमारे १.८३ मीटर पन्हा असेल तर एक मीटर ३२९ ग्रॅम भरतं. किलोत तीन मीटर. यात पाव-अर्धा किलो मागायला संकोच करू नका. पुण्यात रविवार पेठेत किंवा मुंबईत मंगलदास मार्केटात फिरताना हा हिशेब पाठ असला की मीटरचा भाव आणि किलोचा भाव यांची तुलना जागेवरच करता येते.

आता ताण. दुकानातच कापड आडवं धरा, दोन बोटांमधे १० सेंटीमीटर अंतर घ्या आणि मोजपट्टीवर ओढा. सहज, जोर न लावता १३ पर्यंत गेलं तर ताण ३० टक्के. नंतर सोडा आणि परत १० वर येतं का ते बघा. साडेदहावर थांबलं तर तो कपडा दुपारपर्यंत गुडघ्यात आणि कोपरात फुगणार. साधी सुती सिंगल जर्सी आडवी बरी ताणते, उभी कमी. लायक्रा असेल तर दोन्हीकडे ताणते आणि चटकन परतही येते. हा ताणणारा धागा ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये तयार केला. त्याचे शत्रू दोन, कडक इस्त्री आणि क्लोरीनचं ब्लीच. जमलं तर वहीत प्रत्येक कापडाचा ताण लिहून ठेवा, कारण पुढची सगळी मापं त्यावर ठरणार आहेत.

धुतल्याशिवाय कातर लावायची नाही

सुती होजिअरी तयार होताना लांबीच्या दिशेनं ओढली जाते. पहिल्या धुण्यात ती ओढ सुटते आणि कापड लांबीला आखडतं. ब्लाऊजपीस अनेक जणी न धुता शिवतात आणि चालूनही जातं. इथे तसं केलं तर दोन धुण्यांत टॉप बेंबीवर येतो.

किती आखडतं ते पाहण्यासाठी कापडाच्या मधोमध ५० सेंटीमीटरचा चौकोन पेननं आखा, किंवा चार कोपऱ्यांत रंगीत दोऱ्याचे टाके घाला. मग कपडा पुढे ज्या पद्धतीनं धुणार आहात त्याच पद्धतीनं धुवा. मशीनमध्ये धुणार असाल तर मशीनमध्ये, गरम पाण्यात भिजवणार असाल तर गरम पाण्यात. वाळत घालताना दोरीवर लटकवू नका, ओल्या कापडाचं वजन त्याला खाली खेचतं. खाटेवर किंवा सतरंजीवर पसरा. वाळल्यावर चौकोन मोजा. उभी बाजू ४७ झाली तर आखडणं ६ टक्के. गडद रंगाचं कापड दोनदा धुवा आणि दुसऱ्या पाण्याचा रंग पाहा.

धुतल्यावर आणखी एक गोष्ट दिसते. सुलट बाजूच्या त्या बारीक उभ्या रेघा किनारीला समांतर राहत नाहीत, थोड्या कलतात. धाग्याच्या पिळामुळे आणि गोल यंत्रावर विणल्यामुळे सिंगल जर्सीत हे होतं. बाजारच्या स्वस्त टी-शर्टची बाजूची शिलाई पोटावर येते ती याचमुळे. म्हणून घडी घालताना किनार पाहू नका, रेघ पाहा. एका रेघेवर बोट ठेवून ती जिथे जाईल तिथे घडी. फारच तिरपं कापड असेल तर त्याची लेगिंग करू नका, सैल झबली करा.

सुई, दोरा आणि मशीन

साधी सुई टोकदार असते, ती धागा टोचून फाडत जाते. होजिअरीत धागा तुटला की फास सुटतो आणि दोन धुण्यांनी तिथे भोक पडतं. बॉलपॉइंट सुईचं टोक किंचित गोल असतं, ती धाग्याला बाजूला सारून जाते. लायक्राच्या कापडाला त्यातही स्ट्रेच नावाची वेगळी सुई मिळते, तिनं टाके सुटायचे थांबतात. पातळ कापडाला ११ नंबर, लूपनिटला १४. मशीनप्रमाणे सुईची दांडी वेगळी असते, म्हणून दुकानात जाताना मशीनवरची जुनी सुई काढून सोबत न्या. पुण्यात बोहरी आळीत अशा सुया सुट्ट्याही मिळतात. होजिअरी शिवायला काही एकच गोष्ट विकत आणायची असेल तर ही सुई आणा.

दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोऱ्याला लवचीकपणा नसतो, तो तटकन तुटतो.

दाबपट्टीचा, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पट्टीचा, दाब हा फार दुर्लक्षित विषय आहे. ताणणाऱ्या कापडावर दाब जास्त पडला की वरचा थर पुढे रेटला जातो आणि शिलाई लाटांसारखी होते. काळ्या मशीनवर दाबपट्टीच्या दांड्याच्या वर एक स्क्रू असतो, तो दोन-तीन फेरे सैल करा. घरच्या नव्या मशीनवर असा स्क्रू नसेल तर कापडाखाली पातळ कागद धरून शिवा आणि नंतर फाडून काढा.

टाका कोणता घालायचा? ज्या जोडावर ताण पडणार आहे तिथे टाक्यालाही ताणता आलं पाहिजे. बारीक झिगझॅग घ्या, रुंदी १ आणि लांबी २.५. दिसायला जवळजवळ सरळच वाटतो, पण ओढला तर तुटत नाही. मशीनवर विजेच्या रेघेसारखा स्ट्रेच टाका असेल तर तोही चालेल, फक्त तो उसवायला जिवावर येतं, म्हणून मापाची खात्री होईपर्यंत झिगझॅगच बरा. प्रत्येक नव्या कापडाच्या कातरणीवर एक वीत शिलाई घालून ती जोरात ओढून पाहा. दोरा तुटला तर रुंदी किंचित वाढवा किंवा वरच्या दोऱ्याचा ताण कमी करा.

काळं सरळ मशीन असलेल्यांसाठी: सरळ टाका बारीक ठेवा आणि शिवताना कापड पुढून-मागून अगदी हलकं ताणून धरा, म्हणजे शिलाईत थोडी जास्त दोरी भरली जाते. एवढ्यावर सैल कपड्याच्या बाजू आणि बाह्या निभावतात. गळा मात्र निभावत नाही. त्यावर उपाय असा की गळा ताणावाच लागू नये इतका मोठा ठेवायचा. डोक्याचा घेर कपाळावरून मोजा, मोठ्या माणसाचा बहुधा ५५ ते ५८ सेंटीमीटर भरतो. तयार गळ्याचा घेर ६२ च्या पुढे असला की डोकं न ताणता आत जातं आणि सरळ टाकाही टिकतो. कडांचं इंटरलॉक हवंच असेल तर शिवून झालेला टॉप गल्लीतल्या पिको-फॉलच्या दुकानात द्या, तिथे सहसा इंटरलॉकही करून देतात. नाही केलं तरी कडेचे दोरे सुटणार नाहीत.

माप आणि खाका

अंगाला नीट बसणारा, फार न ताणलेला एखादा टी-शर्ट घ्या. त्याला उभा दुमडा, बाहीवर बाही आणि खांद्यावर खांदा. ब्राऊन पेपरवर ठेवून आधी पाठीचा अर्धा भाग आखा: मधली घडी, गळा, खांदा, मुंडा (बाही जिथे बसते ती गोलाई), बाजू, घेर. मग पुढचा गळा वेगळा आखा, तो मागच्यापेक्षा खोल असतो. मुंड्याची शिलाई सरळ आखता येत नाही, तिथे टाचणीनं शिलाईवर टोचत जा आणि कागदावरची भोकं जोडा. बाही अशीच घडीवर. सगळीकडे शिलाईसाठी १ सेंटीमीटर आणि खालच्या दुमडीला अडीच सेंटीमीटर माया, म्हणजे जास्तीचं कापड धरा. ब्लाऊजसारखी आत दोन बोटं माया ठेवायची सवय इथे सोडा. जास्तीची माया आत गुंडाळते आणि बाहेरून वळ दिसतात.

आता खाक्याची मापं टेपनं पडताळा. छाती ९२ असेल आणि घरात घालायचा सैल टॉप हवा असेल तर तयार माप ९८ ते १०२. अंगासरशी हवा असेल आणि कापडाचा ताण ४० टक्क्यांच्या आसपास असेल तर ८८ ते ९२ चालतं, म्हणजे अंगाइतकं किंवा किंचित कमी. ताण २० टक्केच असेल तर अंगापेक्षा कमी माप घेऊ नका. मुंड्याचा घेर आणि बाहीच्या वरच्या कमानीची लांबी सारखी हवी. मागावरच्या कापडात बाही थोडी मोठी कापून चुण्या घालून बसवतात, इथे त्याची गरज नाही. बाहीची कमानही बसकी असते, त्यामुळे हात मोकळा राहतो.

घरी शिवायचा खरा फायदा इथे आहे, असं मला मनापासून वाटतं. दंड जाड असेल, खांदे उतरते असतील, पोट पुढे असेल, तर तयार कपड्यांच्या मापात त्याला जागाच नसते. खांदा आखडल्यामुळे ज्या आजींचा हात वर जात नाही, त्यांच्यासाठी इंटरलॉकचा टॉप शिवा. मुंडा ५ सेंटीमीटर खाली उतरवा, बाही रुंद करा आणि पुढे गळ्यापासून पोटापर्यंत चीर देऊन टिच बटणं लावा. मऊ असतो, दाबत नाही, आणि घालून देणाऱ्यालाही हात ओढावा लागत नाही. असा कपडा दुकानात शोधून सापडत नाही.

कापणं

६० इंची पन्ह्यात मध्यम मापाच्या टॉपला सव्वा मीटर पुरतं, आखडणं धरून. दोन्ही किनारी मध्यावर आणून दोन घड्या करा. एका घडीवर पुढा, दुसऱ्या घडीवर पाठ, आणि उरलेल्या लांबीत बाह्या. सगळे भाग असे ठेवा की जास्त ताण अंगाभोवती आडवा येईल. हे उलटं झालं तर टॉप डोक्यातून जाणार नाही आणि खाली मात्र लोंबत राहील.

कापड टेबलावरून खाली लोंबू देऊ नका, वजनानं ताणतं आणि कापलेला भाग वेडावाकडा निघतो. जमिनीवर सतरंजी पसरून कापणं सर्वांत चांगलं. टाचण्यांऐवजी खाक्यावर वाट्या किंवा खलबत्त्याचा बत्ता ठेवा. लावायच्याच असतील तर मायेच्या आत लावा. कातर धारदार हवी आणि तिचं खालचं पातं जमिनीला टेकलेलंच राहू द्या, कापड उचलायचं नाही. बाहीचा मध्य, मुंड्याचा मध्य आणि गळ्याच्या खुणा खडूनं करा. खाच द्यायची तर ३ मिलिमीटरपेक्षा खोल नको.

सिंगल जर्सीच्या कडा वळतात म्हणून वैतागू नका. कापलेल्या भागांवर खळीचा पातळ फवारा मारा आणि इस्त्री नुसती ठेवून उचला, घासू नका. कागदासारखी कडक होते, आणि पहिल्या धुण्यात खळ निघून जाते.

शिवण्याचा क्रम

आधी खांदे. पूर्ण कपड्याचं वजन तिथून लोंबतं, म्हणून तो जोड ताणायला नको. कापडाच्या किनारीची अर्धा इंच रुंद पट्टी कापा, किंवा पातळ सुती टेप घ्या, खांद्याच्या लांबीइतकीच. जोडाबरोबर ती शिलाईत घ्या. इथे सरळ टाका चालतो.

सुरुवात अगदी कडेपासून करू नका, मशीन कापड आत गिळतं. दोन्ही दोऱ्यांची शेपटं मागे धरा, कडेपासून अर्धा सेंटीमीटर आत सुई टेकवा, हातचाक फिरवून पहिले दोन टाके घ्या, मग पाय द्या. हात फक्त दिशा देण्यासाठी. मागून ओढायचं नाही, पुढून ढकलायचं नाही. मागावरच्या कापडावर काम केलेल्या हातांना ही सवय लागायला थोडा वेळ लागतो, पण शिलाईत लाटा येण्याचं पहिलं कारण हेच ओढणं आहे.

मग गळपट्टी. हा टॉपचा सर्वांत दिसणारा भाग, इथे घाई नको. गळ्याचा घेर शिलाईच्या रेषेवर मोजा, कापलेल्या कडेवर नाही. पट्टी रिबची असेल तर घेराच्या ८० ते ८५ टक्के, टॉपच्याच कापडाची असेल तर ९० टक्क्यांच्या आसपास, आणि जोडासाठी वर २ सेंटीमीटर. गळा ६० सेंटीमीटर असेल तर रिबची पट्टी ५१ अधिक २, म्हणजे ५३. रुंदी ५ सेंटीमीटर कापली की दुमडून आणि माया जाऊन दीड सेंटीमीटरची तयार पट्टी दिसते. जास्त ताण पट्टीच्या लांबीत यायला हवा. कापण्याआधी पट्टीचं वेटोळं डोक्यातून घालून पाहा, तेवढी खात्री पुरे.

पट्टीची दोन टोकं जोडून गोल करा, उभी दुमडा, चार समान भाग करून खुणा करा. गळ्याचेही चार भाग करा. खांद्याची शिलाई हा चौथा भाग नव्हे हे लक्षात ठेवा, पुढचा गळा खोल असल्यामुळे चौथ्या भागाच्या खुणा खांद्याच्या पुढे येतात. खुणेला खूण लावा, जोड पाठीच्या मध्यावर. पट्टी वर, टॉप खाली ठेवून शिवा आणि दोन खुणांमध्ये पट्टी तेवढीच ताणा जेवढ्यानं ती गळ्याच्या लांबीला पोचते. गळा स्वतः जराही ताणायचा नाही. पुढच्या गोलाईत पट्टी थोडी जास्त ताणली आणि सरळ भागात कमी, तर ती अंगाला चिकटून बसते. शिवून झाल्यावर माया टॉपच्या बाजूला वळवून वाफेची इस्त्री ठेवा आणि सुलट बाजूनं जोडाच्या जरा खाली बारीक झिगझॅग मारा. पट्टी उभी राहिली तर ती लांब झाली आहे. गळ्याभोवती चुण्या पडल्या तर ती आखूड आहे. दोन्ही वेळा उसवून नवी पट्टी कापा, कापड फार लागत नाही.

बाह्या सपाट लावा, म्हणजे बाजू शिवण्याआधी. बाहीचा मध्य खांद्याच्या जोडाला, दोन्ही टोकं मुंड्याच्या टोकांना, आणि मधे चिमटे. मग बाहीच्या कडेपासून काखेतून थेट खालच्या घेरापर्यंत एकच सलग शिलाई. काखेत दोन्ही माया विरुद्ध दिशांना वळवा, गाठ येत नाही. काखेच्या आजूबाजूला बोटभर अंतर दुसरी शिलाई घाला, उसवायला सुरुवात तिथूनच होते.

खालची दुमड शेवटी. कपडा एक दिवस हँगरला लावून ठेवा, मग घेर सारखा करा आणि अडीच सेंटीमीटर एकदाच दुमडा. दोनदा दुमडायची गरज नाही. झिगझॅगनं शिवली तरी छान दिसते. दुकानातल्यासारख्या दोन समांतर रेघा हव्या असतील तर जोडसुई लावा: वर दोन रिळं, खाली एकच बॉबिन. खालचा दोरा नागमोडी जातो, म्हणून ही शिलाई ताणते. जोडसुई फक्त झिगझॅगच्या मशीनवर लावा, तिथल्या पत्र्याचं भोक रुंद असतं, आणि आधी हातचाक पूर्ण एकदा फिरवून सुई कुठे आपटत नाही ना ते बघा. दोन रेघांच्या मधे कापड फुगलं तर बॉबिनचा ताण थोडा सैल करा. मशीनवर हे काहीच नसेल तर हातानं आडवातिडवा, फुलीसारखा टाका घाला. तो ताणतो आणि बाहेरून दिसत नाही. अगदी घरातल्या घरात घालायचा टॉप असेल तर खालची कड नुसती सरळ कापून सोडली तरी काही बिघडत नाही.

काही बिघडलं तर

टाके मधे मधे सुटत असतील तर आधी सुई बदला, मग बाकीचं तपासा. लायक्राच्या कापडावर दहातल्या नऊ वेळा कारण सुईच असते. शिलाई लाटांसारखी झाली असेल तर लगेच उसवू नका. वाफेची इस्त्री शिलाईच्या वर अधांतरी धरा, कापडाला हातानं जागेवर आणा आणि गार होऊ द्या, बऱ्याच लाटा बसतात. नाही बसल्या तर दाब कमी करून पुन्हा शिवा. दोन थर शेवटी लांब-आखूड होत असतील तर खालचे दात खालचा थर ओढून घेतात हे ध्यानात ठेवा आणि लांब असलेला थर खाली ठेवा. कपडा घालताना कटकट आवाज करून दोरा तुटला तर टाका फार सरळ आहे, रुंदी वाढवा. शिलाईजवळ बारीक भोकं दिसत असतील तर सुई बोथट झाली आहे किंवा नंबर मोठा आहे.

नाईट पँट आणि लेगिंग

नाईट पँटला जुनी पँट उसवून खाका काढणं सर्वांत सोपं. प्रत्येक पायाचा एकच तुकडा ठेवला तर बाहेरची शिलाई लागतच नाही. आधी दोन्ही पायांची आतली शिलाई, मग एक पाय सुलट करून दुसऱ्या उलट्या पायात घाला आणि पुढून मागपर्यंत आसनाची, म्हणजे दोन पाय जोडणारी शिलाई एकसलग घ्या. या शिलाईवर बसताना-उठताना सगळा ताण येतो, म्हणून दोनदा शिवा, दुसरी शिलाई पहिलीच्या मायेत. मागचं आसन पुढच्यापेक्षा उंच हवं, नाहीतर जमिनीवर मांडी घालून बसलं की पँट मागे उतरते. इलॅस्टिक कमरेपेक्षा ५ ते ८ सेंटीमीटर आखूड, पण आधी ते कमरेला लावून पाच मिनिटं वावरून पाहा. प्रत्येक इलॅस्टिकची ओढ वेगळी असते आणि रात्रभर पोटाला काचणारा कपडा कुणालाच नको.

लेगिंगसाठी कापड दोन्ही दिशांना ताणणारं लागतं, आडवं निदान ५० टक्के, आणि पटकन परत येणारं. नितंब १०० असेल तर तयार माप ९० च्या आसपास. कापड घेतानाच मुठीवर ताणून उजेडात धरा, मूठ दिसली तर ते लेगिंगचं कापड नाही. लेगिंगला सरळ टाक्याचं मशीन चालणार नाही, इथे झिगझॅग किंवा स्ट्रेच टाकाच हवा. तो नसेल तर कापलेले भाग पिकोवाल्यांकडून इंटरलॉकवर जोडून घ्या, तिथे शिलाईच इंटरलॉकची होते.

लहान बाळांना शिवताना गळ्याकडे खास लक्ष द्या. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर ४६ सेंटीमीटरच्या आसपास असतो, छातीच्या घेराइतकाच म्हणा ना. साधा गोल गळा त्याच्या डोक्यातून जात नाही आणि बाळ रडतं. एका खांद्याला शिलाई न घालता दोन्ही कडांना पट्टी लावून टिच बटणं बसवा. किंवा पुढचा आणि मागचा खांदा एकमेकांवर ५ सेंटीमीटर चढवून मुंड्यात अडकवा, मग बटणंच लागत नाहीत. उरलेल्या तुकड्यांत अशी दोन झबली सहज निघतात. शिलाईची माया बाळाच्या अंगाला टोचू नये म्हणून झबलं उलटं, म्हणजे शिलाया बाहेर ठेवून शिवलं तरी चालतं. कड सुटत नाही, आणि रंगीत दोरा वापरला तर तीच नक्षी दिसते.

प्रत्येक खाक्यावर पेन्सिलनं कापडाचा प्रकार, जीएसएम, आडवा ताण आणि आखडणं लिहून ठेवा. तोच खाका पुढच्या वेळी वेगळ्या कापडावर ठेवाल तेव्हा ताण १० टक्क्यांनी कमी असेल तर बाजूंना एकेक सेंटीमीटर वाढवा आणि गळपट्टी नव्यानं मोजा.